निताच्या अभ्यासाचा ढावलो

हेडफोन धुवायचं माझ्या मनात आलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याच्या कानावरच्या गाद्या अशा काळ्या पडल्या होत्या की बघवत नव्हतं. मी तो भांड्यांच्या साबणात बुचकळला, काथ्यानं घासला आणि दोरीवर वाळत घातला. (चिमटासुद्धा लावला. वाऱ्यानं उडू नये म्हणून.)

हेडफोन माझ्या नातीचा, निताचा. नर्सिंगच्या प्रवेशाची तिची परीक्षा रविवारी, आणि तिच्या बापाची, म्हणजे माझ्या किसनसिंगची अट साफ होती: पास झाली तर नर्सिंग, नाही तर पुसेगावच्या प्रेमसिंगचा पोरगा. प्रेमसिंग होकाराची वाटच बघत होता. पोरगा वाईट नव्हता, पण बोलतो कमी आणि जेवतो जास्त, असं निताचं मत.

ती हेडफोन लावूनच वाचायची. एकदा मीही ऐकून पाहिलं. गाणं नाही, शब्द नाही, नुसतं धुक-धुक, धुक-धुक, पट्टा सैल झालेल्या गिरणीसारखं.

"हे काय ऐकून राहिली गं?"

"दादी, एकसारखा ताल कानात असला की मन हिंडत न्हाई. टीव्ही, बकऱ्या, तू, काहीच ऐकू येत न्हाई."

बकऱ्यांनंतर माझा नंबर लागला.

धुतलेला हेडफोन बघून ती भांडली नाही, तेच मला जास्त लागलं. पुस्तक मिटून भिंतीला टेकून बसली. "आता कसं वाचू? शेजारच्या टीव्हीतली सासू अन् हाडांची नावं एक होऊन राहिली."

"ताल पायजे ना? मी देते."

आधी भजन म्हटलं. ती टाळ्या वाजवायला लागली. मग होळीची लेंगी म्हटली, तर उठून नाचायलाच लागली.

"दादी, शब्द समजले की मन त्याच्या मागं जाते. न समजणारं म्हण."

न समजणारं, संथ आणि लवकर न संपणारं असं माझ्याजवळ एकच होतं, ढावलो. आमच्या बंजारा तांड्यात लग्न ठरलं की म्हातारी बाई नवरीला जवळ बसवून रडायला शिकवते; सुरात, लांबवून, आईबापाचं नाव घेत. तो ढावलो. हल्लीच्या पोरींना त्यातलं काही कळत नाही. मी उंबऱ्यात बसून पदर तोंडाशी घेतला आणि सुरू केलं.

काय सांगू, पोरगी पुस्तकात बुडाली. मी रडत गेले, ती पाठ करत गेली. खांद्यापासून निघाली ती बघता बघता गुडघ्याच्या वाटीपर्यंत उतरली.

तेवढ्यात दारात शेजारची शिला. मी थांबले की निता मान वर करायची, म्हणून मी शिलाला सुरातच उत्तरं दिली.

"मावशी, कवा हाये?"

"रविवारी गं बाई, रविवारी."

"इतक्या लवकर? अन् कुठं?"

"हिंगोलीला गं, हिंगोलीला."

"तारीख कोणी काढली?"

"वरूनच आली गं, आपल्या हाती काय."

"माणसं किती येतील?"

"हजारानं येतील गं, जागा थोड्या."

शिला डोळे मोठे करून गेली. (मला वाटलं, माझ्या आवाजानं भारावली.) ती परत आली ती निम्म्या तांड्याच्या बाया घेऊन. लग्नघरी कोणाला एकटीला रडू देत नाहीत. सगळ्या गोल बसल्या आणि त्यांनी असा सूर लावला की बकऱ्यांनी चारा सोडला. निता आतून म्हणाली, "दादी, आवाज मस्त वाढवला."

किसनसिंग कनेरगाव नाक्यावर चहा पीत होता. तिथं कोणीतरी त्याला मिठीच मारली. तो घरी आला आणि दारातूनच मला, आपल्या आईला, म्हणाला, "याडी, माझ्या पोरीचं लग्न हाये म्हणे. मले बोलावणं हाये का न्हाई?"

मी हेडफोनपासून सुरुवात केली, पण तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. प्रेमसिंग.

"आमाले ताटकळत ठेवून पोरगी दुसरीकडं दिली व्हय? आता आमीबी दुसरीकडं पाहतो."

"अहो, तिची परीक्षा हाये. त्याचा अभ्यास चालू हाये."

"ढावलो म्हणून?"

किसनसिंगनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "याडी, आता पोरगी पास झालीच पायजे. दुसरा रस्ता तूच बंद केला."

आत निताचा आवाज एकदम खणखणीत झाला. पोटरीची हाडं ती जवळजवळ गाऊनच म्हणत होती.

परीक्षेला हेडफोन चालत नाही. तिथं निता माझाच सूर हळूहळू गुणगुणत पेपर लिहीत बसली. मॅडम पाणी घेऊन आल्या, पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "रडू नको बेटा, पेपर सोपा आहे." तिला सोपाच गेला होता. नंबर लागला, नांदेडला.

बापानं नवा हेडफोन आणला आणि माझ्यासमोरच तिच्या बॅगेच्या तळाशी ठेवला. स्टँडवर गाडी लागली तसा मला खरोखरचा ढावलो फुटला, डोळ्यांतल्या पाण्यासकट. निता गळ्यात पडेल म्हणून मी हात पसरले. तिनं माझ्या तोंडासमोर मोबाइल धरला. "दादी, थोडं लांबव. रेकॉर्ड होऊन राहिलं."

काल तिचा फोन आला. "दादी, होस्टेलातल्या समद्या पोरी तुझ्यावरच अभ्यास करून राहिल्या."

मी फुलून गेले. माझी शाळेची पायरी चढायची राहिली ती राहिलीच, पण आवाज तर कॉलेजात पोचला.

"फक्त एक तकलीफ हाये," ती म्हणाली. "तू मधीमधी नाक शिंकरते ना, तिथं समद्यांचं ध्यान उडते. एकदा नाक साफ करून पुन्हा रडशील का?"