महांतेशअप्पांची कंबर

महांतेशअप्पा त्या दिवशी अंथरुणातून उठले ते वाकूनच, आणि वाकूनच चहाला आले. कावेरीबाईंनी दहादा विचारलं, पण अप्पांना सांगायची सोयच नव्हती.

तेलगावच्या नाट्यमंडळात अप्पा पंधरा वर्षं होते आणि पंधरा वर्षं शेवटच्या प्रवेशातले हवालदार होते. ‘चला चौकीवर’ एवढंच वाक्य. त्यातही एकदा आपण ‘चला दुकानावर’ म्हणालो, हे अप्पा स्वतःच हसून सांगतात. भांड्यांचं दुकान डोक्यातून जात नाही, त्याला ते तरी काय करणार! यंदा मात्र बीडच्या स्पर्धेसाठी त्यांना पहिल्यांदाच मुख्य काम मिळालं होतं, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचं.

दिग्दर्शक प्रवीण सर हायस्कुलात शिकवायचे. औरंगाबादचं दहा दिवसांचं नाट्यशिबिर करून आल्यापासून त्यांचा संवादांवरचा विश्वासच उडाला होता. चाल सापडली की माणूस आपोआप सापडतो, असं म्हणून त्यांनी फर्मान काढलं. स्पर्धेपर्यंत आठ दिवस अप्पांनी घरीदारी वाकूनच राहायचं. कुणाला कारण सांगायचं नाही, सांगितलं की ते सोंग झालं. एकदा जरी ताठ दिसले, तर काम वैजिनाथला. वैजिनाथचं घर अप्पांच्या दुकानासमोरच. यंदाचा हवालदार तो, पण म्हाताऱ्याचे संवाद पाठ करून दिवसभर ओट्यावर बसायचा आणि अप्पांच्या कमरेकडे बघायचा.

दोन दिवसांत गावानं निदान केलं की अप्पांच्या कमरेत उसण भरली. गावात केबल आली होती, पण उसणीचे इलाज जुनेच होते. कुणी शेकायला वीट आणली, कुणी ओव्याची पुरचुंडी. अप्पांनी निमूटपणे सगळं लावून घेतलं. चौथ्या दिवशी उमापूरहून मेहुणे बसवेश्वर जीप करून आले. कावेरीबाई भावाला बघून रडल्या, आणि अप्पांना मनातून फार लाज वाटली. पण तोंड उघडलं नाही. मेली हौस, दुसरं काय!

मेहुण्यांनी दुकानात वत्सलाबाईंना बोलावलं. वत्सलाबाई पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. अशा माणसानं कमरेत लाथ घातली की उसण निघते, यावर साऱ्या गावाचा भरवसा. दणादणा पाय आपटत साठीच्या वत्सलाबाई गल्लीतून आल्या, तशी माणसं आपोआप बाजूला झाली. अप्पांना दाराकडे तोंड करून उभं केलं. समोर ओट्यावर वैजिनाथ. ताठ व्हावं तर काम जातं, वाकलेलं राहावं तर लाथ बसते. अप्पांनी लाथ पसंत केली.

ती अशी बसली की अप्पा बाहेर मांडलेल्या घागरींवर जाऊन पडले. कमरेत काहीतरी कटकन वाजलं.

“गेली का उसण?” मेहुण्यांनी विचारलं.

“आत्ता आली,” अप्पा म्हणाले.

बीडला अप्पांनी रंगमंचावर जे केलं त्यात खोटं काहीच नव्हतं. पावलागणिक कळ येत होती, डोळ्यांत पाणी होतं. विंगेत प्रवीण सरांचा आनंद मावेना. निकालात मात्र परीक्षक म्हणाले, की म्हाताऱ्यानं कमरेचा अभिनय फार ओढूनताणून केला, खरं दुखणारा माणूस असा चालत नाही. उत्तेजनार्थ बक्षीस वैजिनाथला मिळालं, हवालदारासाठी.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई घरी आल्या, हळूच, पाय न वाजवता. अप्पांनी कावेरीबाईंसमोर खरं काय ते सांगून टाकलं. त्या रागारागानं चहा टाकायला आत गेल्या, तशा वत्सलाबाई जवळ सरकल्या.

“तुमी सांगितलं, मग मीबी सांगते. मी पायाळू न्हाई, अप्पा. पायाळू होती ती माजी धाकली बहीण, लहानपणीच गेली. लोक मग माझ्याच दारी यायले. न्हाई म्हणवंना.”

“मग चाळीस वर्षं लोकांच्या उसणी जातेत कशा, मावशी?”

“लाथंनं कुटं जातेत! मी पाय आपटत आले की ते बघूनच माणूस निम्मा बरा होतो. आधी चाल धरावी लागती.”

अप्पांनी कमरेमागची उशी सारखी केली. मग म्हणाले, “पुढच्या साली मंडळात तुमीच या. मी आपला हवालदारच बरा.”

वत्सलाबाई हसल्या, चहा पिऊन निघाल्या. गल्लीत माणसं बसलेली दिसली, तसे त्यांचे पाय पुन्हा दणादणा पडायला लागले. अप्पा दारातून वाकूनच बघत राहिले, आणि सगळं माहीत असूनही त्यांच्या कमरेची कळ जराशी कमी झाली.