मोटर तापमान उपसमिती

जी वस्तू मोजली जात नाही ती तापत नाही, हा निसर्गाचा जुना नियम आहे. क्लेम हॅगर्टीची सायकल या नियमाला धरून सहा दिवस बिनबोभाट चालली. दुपारी दोन एक्केचाळीसला तो बेकरीतून कस्टर्डची वडी घ्यायचा, ऑस्ट्रेलियातल्या हॉबार्ट शहरातल्या अडीच किलोमीटरच्या चढाला लागायचा आणि तीनच्या ठोक्याला पुनर्वसन केंद्राच्या दारात उभा राहायचा. तिथे त्याची बायको ग्लेनिस नव्या खुब्यावर चालायला शिकत होती. (खुबा नवा, जीभ जुनीच.) भेटीची वेळ तीन ते चार. तेवढ्या एका तासासाठी दोघंही उरलेले तेवीस तास कसेबसे ढकलत होती, पण तसं बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती.

क्लेमचं वय एकाहत्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेले, म्हणून डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. (सायकल बंद केली नव्हती, कारण त्यांच्या फॉर्मवर सायकलचा रकाना नव्हता.) बस वर जायची ती मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी, म्हणजे भेटीची वेळ नसताना. अशा वेळी शेड धावून आली. शेड म्हणजे निवृत्त पुरुष सकाळी दहाला घरातल्यांच्या पायात येऊ नयेत म्हणून समाजाने केलेली सोय. तिथे लेथ आहे, चहा आहे, बिस्किटं आहेत. सभासद सदतीस, त्यांत वेल्डिंग येणारे चार आणि समित्या अकरा. या मंडळींनी क्लेमच्या जुन्या सायकलच्या मागच्या चाकात मोटर बसवून दिली, ती दोन दिवसांत. इतक्या घाईने काम उरकल्याबद्दल नंतर खेद व्यक्त करण्यात आला.

सातव्या दिवशी घात झाला. फ्रिज दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेला मर्व्ह टूली उताराच्या पायथ्याशी क्लेमला भेटला आणि बोलता बोलता त्याने मोटरीवर तळहात ठेवला.

"तापलीय रे," तो म्हणाला. "फार नाही. पण तापलीय."

हे शेडचे सचिव लिंडसे क्रॅब यांच्या कानावर गेलं. लिंडसे हा रस्ते खात्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेला माणूस. घरीही तो पिवळं चमकतं जाकीट घालून बसतो, असं म्हणतात. मर्व्हने हात लावून बघितलं हे ऐकून त्याचा चेहरा पडला.

"हात हे उपकरण नाही, मर्व्ह," तो म्हणाला. "हाताला प्रमाणपत्र नसतं."

एकमताने उपसमिती नेमण्यात आली. मर्व्हने मोटर उघडली, आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांवर तांदळाएवढा तापमापक चिकटवला, त्याची तार आसाच्या पोकळीतून बाहेर काढली आणि हँडलवर आकड्यांची डबी बसवली. क्लेमच्या डोळ्यांचा विचार करून आकडे अंगठ्याएवढे ठेवले. त्यामुळे क्लेमला रस्ता दिसत नसला तरी तापमान अगदी स्वच्छ दिसू लागलं.

प्रश्न राहिला मर्यादेचा. ही मोटर एकशेवीस अंशांपर्यंत काही कुरकुर करत नाही, असं मर्व्हने सांगितलं. पण सावधपणा म्हणून एकशेदहा धरू, असंही म्हणाला. सावधपणा मर्व्हलाच तेवढा कळतो असं दिसू नये म्हणून लिंडसेने शंभर सुचवले. विम्याचं बघणाऱ्यांनी नव्वद केले. खजिनदार चर्चेत डुलकी काढत होते. जागे झाल्यावर त्यांनी कुठल्याही आकड्यातून दहा वजा करायला पाठिंबा दिला, तेव्हा ऐंशी झाले. ऐंशीच्या वर लाल. लाल दिसताच थांबावे, पन्नासच्या खाली हिरवे येईपर्यंत हलू नये, आणि प्रत्येक थांब्याची वेळ, तापमान व हवामान वहीत लिहून साक्षीदाराची सही घ्यावी, असा ठराव झाला. साक्षीदार चढावर कुठून आणायचा हे ठरावात नव्हतं. दोन ग्रेहाउंड कुत्री फिरवणाऱ्या एका बाईंनी पहिल्या आठवड्यात एकवीस सह्या केल्या आणि मग फिरायचा रस्ता बदलला.

आणि नियमाप्रमाणे, मोजायला लागल्यापासून मोटर तापू लागली. पहिल्या दिवशी दोन थांबे, दुसऱ्या दिवशी तीन. जुलैचा महिना, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा, डोंगरावरून येणारा वारा, भुरभुर पाऊस. क्लेम वळणावर सायकल धरून उभा राही. हवा सहा अंश, मोटर एक्क्याऐंशी. क्लेमचं स्वतःचं तापमान कुठल्याच रकान्यात नसल्यामुळे ते नेमकं किती खाली गेलं याची नोंद उपलब्ध नाही. पोचायची वेळ मात्र आहे: तीन वीस, तीन एकतीस, तीन चव्वेचाळीस.

क्लेमला याचं वाईट वाटायला हवं होतं. पहिले दोन दिवस वाटलंही. पण मग लिंडसेने त्याच्या वहीवरून आलेख काढून चहाच्या किटलीमागे लावला, आणि पलीकडच्या उपनगरातल्या शेडची माणसं तो बघायला आली. आयुष्यभर टपाल वाटलेल्या क्लेमला पहिल्यांदाच कुणीतरी 'तुमचा अनुभव काय' असं विचारलं. माणूस आकड्यांवर नाही भाळत, आकडे विचारणाऱ्यांवर भाळतो. क्लेम आता सायकलवरून उतरताना आधी डबीकडे बघायचा आणि मग केंद्राच्या दाराकडे.

ग्लेनिस वडी खायची आणि ऐकून घ्यायची. एकदा तिने विचारलं, "इथवर पोचायचं काही ठरलंय का तुमच्या ठरावात?" क्लेमने हा मुद्दा वहीत टिपून घेतला.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी तो तीन बावन्नला पोचला. ग्लेनिस उशीला टेकून होती. वडीला तिने हात लावला नाही. क्लेमने तिचा हात हातात घेतला आणि शेवटच्या वळणावर तापमान एकोणऐंशीवर कसं रोखून धरलं, त्याची हकिकत सुरू केली.

"मला आज बरं वाटत नाहीये, क्लेम."

"थंडी पडलीय," क्लेम म्हणाला, आणि एकोणऐंशीवर परत आला.

पूर्ण सहा मिनिटं तो हात त्याच्या हातात होता. हात हे उपकरण नाही, हे आपण वर पाहिलंच आहे. मग टोंगा बेटांवरून आलेली नर्स सेला फेरीवर आली. तिने थर्मामीटर लावलं आणि आकडा वाचला: एकोणचाळीस पूर्णांक एक, म्हणजे सणसणीत ताप.

"हिरवं आहे," क्लेम सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला. "चांगलं हिरवं आहे."

सेलाने त्याच्याकडे नीट बघितलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. ग्लेनिसने डोळे मिटले.

"मग साक्षीदाराची सही घे," ती म्हणाली.

टाक्यांच्या आत पू झाला होता. रुग्णवाहिकेने तिला चार मिनिटांत खाली शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. वाटेत रुग्णवाहिका कुठेही थंड व्हायला थांबली नाही. मागून क्लेम उतारावरून आला, दोन्ही ब्रेक दाबत, मोतीबिंदूच्या धुक्यातून. डबीवर एकोणीस होते, पण ते त्याने बघितले नाहीत. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की पायथ्याशी पोचेपर्यंत तो मोठ्याने स्वतःला गाढव म्हणत होता.

ग्लेनिस वाचली. उशिरा का होईना, मोजलं गेलं होतं. चौथ्या दिवशी तिने क्लेमला जवळ बोलावलं.

"कपाळावर हात ठेव."

त्याने ठेवला.

"किती?"

"उतरलाय," क्लेम म्हणाला. हात मात्र त्याने काढला नाही.

उपसमितीनेही समाधान व्यक्त केलं. रुग्णालय सपाटीवर असल्याने मोटर आता चाळिशीच्या वर जात नव्हती, आणि हे यश योग्य नियोजनाचं असल्याचं इतिवृत्तात नोंदवण्यात आलं. क्लेमने वहीच्या शेवटच्या पानावर 'ताप नाही, हाताने पाहिले' असं लिहून दिलं. लिंडसेने त्यापुढे 'अप्रमाणित' असा शेरा मारला आणि वही कपाटात ठेवली.

ही हकिकत वाचून क्लेमला हसणाऱ्या वाचकांची संख्या मोठी आहे. त्यांना एवढंच विचारायचं आहे. तुमच्या फोनची बॅटरी किती उरली आहे आणि आज किती पावलं चाललात, ते तुम्ही न बघता सांगाल. मगाशी शेजारच्या खोलीत कुणीतरी दोनदा खोकलं, ते कोण होतं?