दुसरी प्लेट

वासुदेव काकाजींनी धरमपेठेतल्या त्या इटालियन हॉटेलात पहिली प्लेट आजवर कधी ठेवून घेतलेली नाही. वेटर ती टेबलावर टेकवायच्या आतच यांचा तळहात चौकातल्या पोलिसासारखा वर होतो. "हे काय होय?" ते विचारतात. वेटर बिचारा नाव सांगतो. "नेऊन दे त्याले," काकाजी म्हणतात, "आन सांगजो, असं आमच्याकडे गोठ्यात घालतात."

मग आजूबाजूची माणसं वळून बघतात, माझी बायको पाण्याच्या ग्लासात तोंड लपवते आणि माझं डोकं तापतं. वर्षातून चार-पाच वेळा तरी ते असं तापतं.

काकाजी माझे शेजारी. हुडकेश्वरला आमची कंपाउंडची भिंत एक. मूळचे काटोलचे. तिथे संत्र्याचा बगीचा अजून आहे. तो पुतण्या बघतो आणि काकाजी पुतण्यावर फोनवरून ओरडतात. ओरडायला त्यांना कोणीही चालतं. दूधवाला, कचरागाडीवाला, टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई. एकदा लाइट गेलेले असताना मी त्यांना पंख्यावर ओरडताना ऐकलं आहे.

बरं, अशा माणसाला आवडावं तरी कुठलं हॉटेल? झणझणीत रस्सा मिळणारी ठिकाणं आमच्या नागपुरात गल्लोगल्ली आहेत. यांना मात्र इटालियनच लागतं. आणि एकटे जाणार नाहीत. "एकट्यानं हॉटेलात जेवाले मी काय लॉजवर उतरलो हाय?" म्हणून ते दुसऱ्यांचे आनंद हुडकत फिरतात. कॉलनीत कोणाचा निकाल लागला, कोणी गाडी घेतली, कोणाचा मोतिबिंदू निघाला की काकाजी दारात हजर. "काय गा मास्तर, पार्टी तं झालीच पाहिजे. मी टेबल सांगून ठेवलं." माझ्या पायाचं प्लास्टर निघालं, त्याचीसुद्धा पार्टी तिथेच झाली. पाय माझा, आनंद माझा, आणि तमाशा यांचा!

यातली खरी गोष्ट साऱ्या कॉलनीला ठाऊक आहे. त्या हॉटेलातला मुख्य शेफ म्हणजे काकाजींचा एकुलता एक मुलगा, मंगेश. काकू गेल्या तेव्हा तो कॉलेजात होता. त्यानं शेतीचं शिकावं असं काकाजींच्या मनात होतं, पोरगा हॉटेलचं शिकून आला. त्या दिवशी काकाजींचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे गेला होता. "बाप बगीचेवाला आन पोट्टा लोकाइचा सैंपाक करते! आजपासून मायाशी बोलू नको." पोरगाही त्याच बापाचा. तो खरंच बोलला नाही. सामान उचललं, गोकुळपेठेत खोली घेतली. याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बाप बाहेर टेबलावर बसतो, मुलगा आत शेगडीपाशी असतो. मध्ये एक झुलतं दार आहे. ते ढकलून ना हे आत गेले, ना तो बाहेर आला.

पोराचा पाणउतारा करायला म्हातारा मुद्दाम तिथे जातो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. वेटरजवळ दिलेले निरोप तरी ऐका. "त्याले सांग, कणीक मळता येत नसन तं गिरणीवर काम धर." "त्याले सांग, मीठ दोनदा पडलं, राती झोपला नाही काय?" मुलाचं नाव मात्र तोंडून निघत नसे. आतूनही कधीमधी उत्तर यायचं. एकदा वेटर घाबरत म्हणाला, "शेफ म्हणतात, चावत नसेल तर मऊ करून देतो." काकाजी उसळले. "दात माये स्वतःचे हायेत म्हणावं, मोजून जाय!"

परत येताना एकदा माझा तोल सुटला. "काकाजी, काहून छळून राहिले तुम्ही त्या पोराले? इतके लोक बोटं चाटून खातात त्याच्या हातचं."

"तू शाळेतल्या पोट्ट्यायले शिकव, मास्तर. मले नको," एवढं बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

पहिली प्लेट परत गेली की दहा मिनिटांनी दुसरी यायची. ती मात्र काकाजी मुकाट्यानं ओढून घेत, भिंतीकडे वळत आणि डावा हात आडवा धरून खात. "माया ताटाले कोनी हात लावायचा नाही," हा कायदा. मला वाटायचं, लाज वाटत असेल. शिव्या दिलेलं अन्न चवीनं खाताना कोणालाही वाटेल.

गेल्या उन्हाळ्यात काकाजी मध्येच हात धुवायला उठले, तेव्हा त्यांच्या प्लेटमधून मी एक तुकडा उचललाच. वरचा टोमॅटोचा रस्सा बाजूला केला आणि बघतच राहिलो. आमच्या प्लेटमध्ये होता तसा तो यंत्रातून निघालेला, सारख्या मापाचा पास्ता नव्हता. ते सरगुंडे होते. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून, हळूच सरकवून काढायची आणि उन्हात वाळवायची, मग उकडून आंब्याच्या रसात खायची. आमच्या विदर्भातल्या बायका उन्हाळाभर हेच करत बसतात. काकू करायच्या तेव्हा मंगेश त्यांच्या शेजारी मांडी घालून काड्या फिरवायचा, आणि काकाजी अंगणातून ओरडायचे, "बायाइचे काम काहून करून राहिला बे?" तो पोरगा आता त्या झगमगीत किचनमध्ये एका गिऱ्हाइकासाठी हातानं सरगुंडे वळत होता. पहिली प्लेट परत येण्याची वाट बघत होता.

काकाजींनी मला तुकडा धरलेला पाहिलं. रागानं नाकपुड्या फुगल्या. "कोनाले बोलला तं पाहा," ते खालच्या आवाजात म्हणाले.

मी बोललो नाही. पण खरं सांगू? माझा राग निवायच्या ऐवजी दुप्पट झाला. एकाला शिव्या दिल्याशिवाय माया करता येत नाही आणि दुसऱ्याला बाहेर येऊन पाया पडता येत नाही. दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटत होतं. सहा वर्षं! वेटरच्या ट्रेमधून!

आणि मग आमची रुची सीए झाली. पोरीनं किती वर्षं रात्रंदिवस अभ्यास केला, तिची इच्छा होती की गच्चीवरच्या गाण्याबजावण्याच्या हॉटेलात जावं. आम्ही ठरवतोय तोवर भिंतीवरून डोकं वर आलं. "सात वाजताचं टेबल सांगतलं. पोरगी आपली हाय!" मी चिडून काही बोलणार होतो, पण रुचीच म्हणाली, "जाऊ द्या बाबा, त्यांना कोण आहे?" मी दात-ओठ खात गाडी काढली.

पहिली प्लेट आली. तळहात वर झाला. "नेऊन दे त्याले. आन सांगजो, आज आमची पोरगी सीए झाली, काही ढंगाचं पाठव." वेटर काहीतरी बोलणार होता, पण थांबला आणि प्लेट घेऊन गेला. दहा मिनिटांनी दुसरी आली. काकाजी भिंतीकडे वळले. डावा हात आडवा झाला.

मग तो हात हळूहळू बाजूला गेला. मला प्लेट स्पष्ट दिसली. तीच होती, पहिलीच, गरम करून आणलेली. काकाजींनी काट्यानं चार तुकडे उलटेपालटे करून पाहिले. एक खाल्ला.

"ठीक आहे ना, काका?" वेटरनं विचारलं.

"चांगलं हाय," काकाजी म्हणाले.

माझी बायको खूश झाली, तिनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मी मात्र काकाजींकडे बघत राहिलो. या माणसाच्या तोंडून अन्नाला चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी काटा खाली ठेवला.

"तो कुठं हाय?"

"शेफ? ते आजारी आहेत काका. डेंग्यू झालाय. चार दिवस झाले."

"भरती केलं?"

"नाही, रूमवरच आहेत. एकटेच असतात ना."

काकाजी उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "चार दिवस! चार दिवस पोट्टा तापानं फणफणून राहिला आन मले कोनी सांगतलं नाही? फोन नव्हता? माणसं होय का कोन होय तुम्ही?" सगळं हॉटेल थांबलं. मॅनेजर धावत आला, नवा होता. अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, प्लीज. पण तुम्ही त्यांचे कोण?"

काकाजींनी त्या झुलत्या दाराकडे पाहिलं. मी इतक्या वर्षांत त्यांना शब्दासाठी अडताना पाहिलं नव्हतं.

"बाप हाय मी त्याचा," ते म्हणाले. मग ओरडले, "बाप! मंगेशचा बाप!"

रुचीनं आपली पर्स उचलली. तिचं जेवण अजून यायचं होतं. "बाबा, चला," ती म्हणाली.

वेटरनं खोलीचा पत्ता सांगितला. गोकुळपेठ तिथून चालत पाच मिनिटांवर. पाचही मिनिटं काकाजी बोलत होते. पोट्ट्याले असं झापतो, तसं झापतो, कानाखाली देतो, उचलून घरी नेतो. मला त्यांचा भयंकर राग येत होता. जिना चढताना त्यांनी माझं मनगट धरलं, ते वर पोचेपर्यंत सोडलं नाही, आणि मला आणखीच राग आला. इतकं होतं तर सहा वर्षं काय करत होते?

मंगेशनं दार उघडलं. गालफडं बसली होती, अंगावर शाल होती. बापाला पाहून त्यानं चौकट घट्ट धरली. काकाजींनी बोलायला तोंड उघडलं. वाटेत ठरवलेल्यातलं काहीच आलं नाही.

"आत येऊ का रे बापा?" त्यांनी विचारलं.

मंगेश बाजूला सरला. "या ना, बाबा. चपला राहू द्या, फरशी थंड आहे."

काकाजींनी तरीही चपला दाराबाहेर काढल्या, वाकून नीट जोडून ठेवल्या आणि नव्या पाहुण्यासारखे अंग चोरून आत गेले.