मालकीणबाईंची भुवई

"चेहरा एकदा पाहिला की संपलं. मग तो माणूस समोर असो वा नसो, मी हुबेहूब काढून दाखवतो," असं तो इतक्या वेळा म्हणायचा की मित्रांनी त्याचं नावच हुबेहूब पाडलं. या नावात थट्टा आहे हे सगळ्यांना कळत होतं, एकट्या त्याला सोडून. रस्त्यात कुणी "काय हुबेहूब" अशी हाक मारली की तो मान तुकवून, मानपत्र घेतल्यासारखा हसायचा.

पोटापाण्यासाठी तो शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढायचा. पचनसंस्था, ज्वालामुखी, बेडकाचा जीवनक्रम असला मामला. खरी कला गुरुवारी. दर गुरुवारी संध्याकाळी एका जुन्या घराच्या माडीवर चौघं जमायचे: हुबेहूब, दातांचे डॉक्टर, फ्रेमवाला आणि गणिताच्या बाई. खोलीच्या मधोमध लाकडी चौथरा, शेजारी हीटर, आणि चौथऱ्यावर औषधांच्या दुकानात काम करणारी एक तरुणी कपडे उतरवून बसायची. तिची बैठक चुकू नये म्हणून तिच्या पायांभोवती खडूनं रेघा मारलेल्या असत. पहिल्या गुरुवारी सगळेच लाजले होते. तिसऱ्या गुरुवारपासून मात्र सगळ्यांना एकच काळजी होती, ती म्हणजे हे कोपर काढायचं कसं.

तसे चौघंही आपापल्या परीनं थोर होते. डॉक्टर काहीही काढायला बसले तरी शेवटी दातांवर येत. पाठमोऱ्या चित्रातसुद्धा त्यांना दातांसाठी जागा सापडायची. फ्रेमवाला आधी कागदाभोवती सुबक चौकट आखायचा, आणि ती पूर्ण होईपर्यंत निघायची वेळ व्हायची. गणिताच्या बाई पेन्सिल डोळ्यासमोर धरून इतकी मापं घेत की त्यांची चित्रातली बाई तीन वर्षांत गुडघ्याच्या वर गेली नव्हती. पूर्ण चित्रं होत ती फक्त हुबेहूबची, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

अडचण एकच होती. खोलीची किल्ली तळमजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाईंकडे असे. मालकीणबाई मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. आवाज असा की घरातलं मांजरसुद्धा रांगेत चालायचं. किल्ली आणायचं काम हुबेहूबकडे होतं. अगदी पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "वर काय काढता तुम्ही?"

याची बोबडी वळली. तोंडातून निघालं, "फळं."

मग दर गुरुवारी तेच.

"आज काय?"

"पपई."

"मागच्या वेळी पण पपईच होती."

"ती... कापलेली होती. आजची अख्खी आहे."

यावर बाईंची डावी भुवई हळूहळू वर चढायची आणि किल्ली हातात पडेपर्यंत तिथेच थांबायची. नजर दुसरीकडे वळवायचीही हुबेहूबला हिंमत नव्हती, म्हणून तो त्या भुवईकडेच बघत उभा राहायचा. तीन वर्षं हे असं चाललं.

एका गुरुवारी बाईंनी किल्ली हातात धरून ठेवली. "माझ्या पुतण्याला वरची खोली हवीय. व्यायामशाळा काढतोय. रविवारी बघायला येईल. तुमची चित्रं भिंतीवर लावून ठेवा. मीही बघेन. काही चांगलं काम होत असेल तर तुम्हाला ठेवेन, नाहीतर त्याला देईन. एवढ्या फळांचं तुम्ही केलं तरी काय, ते कळू दे मला."

वर गेल्यावर चौघांची तोंडं उतरली. अशी खोली पुन्हा मिळणं कठीण. हीटर लावू देणारे, अनोळखी माणसांची ये-जा खपवून घेणारे आणि वर कधीही न डोकावणारे मालक काय रोज भेटतात?

"दोन दिवसांत फळं काढू या," डॉक्टर म्हणाले.

"तीन वर्षांची?" गणिताच्या बाई म्हणाल्या. "खरं सांगून टाका. त्या मेट्रन होत्या. आपण सगळ्यांनी मिळून पाहिली नसतील एवढी शरीरं त्यांनी पाहिली आहेत."

हे पटण्यासारखं होतं. हुबेहूबची नऊ चित्रं लावायचं ठरलं. तेवढ्यात चौथऱ्यावरून मॉडेल म्हणाली, "माझा चेहरा नको हं. उद्या गिऱ्हाईक खोकल्याचं औषध घ्यायला येईल आणि माझ्याकडे बघून हसेल."

"एवढंच ना?" हुबेहूबची छाती फुगली. "सगळे चेहरे मी बदलतो. मनातून काढतो."

"मनातून म्हणजे कुणाचा?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"कुणाचाच नाही. शुद्ध कल्पना."

घरी दोन दुपारी बसून त्यानं नऊच्या नऊ चेहरे पुसले आणि नवे काढले. हात असा चालत होता की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. बायको चहा घेऊन आली, थबकली, आणि म्हणाली, "अहो, ह्यांना मी कुठेतरी पाहिलंय."

"चांगल्या चित्राची हीच तर खूण," हुबेहूब म्हणाला. "प्रत्येकाला ओळखीचं वाटतं."

बायको चहा ठेवून गेली. जाताना तिनं एकदा वळून पाहिलं, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी फ्रेमवाल्यानं जीव ओतून चौकटी बसवल्या. मोठे स्क्रू मारून एकेक चित्र भिंतीला आवळलं. "भूकंप आला तर घर पडेल, फ्रेम पडायची नाही," असं सांगून, कामं झाली म्हणून त्यानं हत्यारांची पेटी दुकानात नेऊन ठेवली आणि परत आला. मॉडेल आली. तिनं सगळी चित्रं नीट बघितली आणि खूश झाली.

"माझा चेहरा कुठेच नाही. छान. पण काय हो, ह्या खाली राहतात ना?"

डॉक्टर पहिल्या चित्राकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेले. नऊ चित्रं. एकात आडवी, एकात पाठमोरी पण मान वळवून बघणारी, एकात हात वर करून केस बांधणारी. कपड्यांचा पत्ता नाही. आणि नऊच्या नऊ ठिकाणी मालकीणबाई, डावी भुवई वर चढवून विचारत होत्या, की आज काय?

"हुबेहूब," डॉक्टर म्हणाले. यावेळी ती हाक नव्हती.

"काढ खाली," गणिताच्या बाई फ्रेमवाल्याला म्हणाल्या.

"हातानं निघायची नाहीत. पेटी दुकानात आहे."

"मग घेऊन ये."

जिन्यावर पावलं वाजली. आता कोण कुठे जातो? जो तो मिळेल त्या चित्राला पाठ लावून उभा राहिला. डॉक्टरांनी हात पसरून दोन झाकली. मॉडेलनं अंगावरची शाल सहाव्यावर टांगली. हुबेहूबची बायको नुकतीच येऊन दारात उभी होती. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पर्स उघडून सातव्यासमोर धरली. दोन चित्रं तरीही उघडीच राहिली.

मालकीणबाई आत आल्या. मागून पुतण्या, गळ्यात मोजपट्टी अडकवून, भिंती नजरेनं मोजत. त्याची नजर मोजता मोजता एका ठिकाणी अडली.

"काकू," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ही तर तू आहेस."

"दिसतंय मला. चष्मा लावलाय." बाईंनी सगळ्यांना हातानं बाजूला व्हायला सांगितलं. सगळे झाले. त्या एकेका चित्रासमोर थांबत, पाठीमागे हात बांधून, वॉर्डात फेरी मारावी तशा पुढे सरकल्या. शेवटच्या चित्रापाशी पोहोचून त्या वळल्या.

"आणि पपई?"

हुबेहूब एक पाऊल पुढे आला. "पपई नव्हतीच. पहिल्या दिवशी घाबरून बोललो, मग सुधारायची हिंमत झाली नाही."

"आणि हे?"

"हे मनातून काढलंय."

"म्हणजे मी तुमच्या मनात आहे?"

"मलाही हेच विचारायचं होतं," बायको पर्स बंद करत म्हणाली.

आता लाज राखायला काही उरलंच नव्हतं. "भीतीनं," तो म्हणाला. "तीन वर्षं दर गुरुवारी तुमच्यासमोर उभा राहतोय. इतका घाबरतो की दुसरा चेहराच आता डोक्यात राहिलेला नाही. चूक झाली. ही खोली गेली तर या सगळ्यांची जागा माझ्यामुळे जाईल, तेवढं करू नका." पहिल्यांदाच त्याला आपण कसे दिसतोय याची फिकीर नव्हती.

मालकीणबाईंनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. "पाठ कुणाची?"

मॉडेलनं हळूच बोट वर केलं.

"छान आहे. पण वाकून बसतेस. चाळिशीत कंबर धरेल." मग हुबेहूबकडे वळून, "शरीर बरं काढता. माझं असं कधीच नव्हतं, पण असू दे, माझी तक्रार नाही. तक्रार चेहऱ्याची आहे. मी इतकी खडूस दिसते?"

"हो," पुतण्या म्हणाला.

"तू गप्प बस." त्या चौथऱ्यावर टेकल्या आणि त्यांनी खडूच्या रेघांत पाय बरोबर ठेवून बघितले. "मी दर गुरुवारी येऊन बसते. अंगभर कपड्यांत. माझा चेहरा मला बघवेल असा काढा."

"आणि काकू, खोली?"

"यांचं चित्र एकदा जमू दे. मग तुझीच."

पुढच्या गुरुवारी हुबेहूब तयारीनं बसला. बाई समोर, उजेड छान, कोळशाची कांडी हातात. आणि काही केल्या चेहरा येईना. भीती गेली तशी ती भुवईही हातातून गेली. बाई तर चक्क हसत होत्या, पायाशी हीटर घेऊन इस्पितळातल्या एका सर्जनची नक्कल करत होत्या. उतरलं ते चित्र त्याच्या सासूबाईंसारखं दिसत होतं. चौघांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

पण हात शेवटी चित्रकाराचा. महिन्याभरात ते जमायला लागलं. एका गुरुवारी तर असं जमलं की त्याचे त्यालाच डोळे भरून आले. त्या कागदावर हसरी, थकलेली, मिश्कील अशी ती बाई जिवंत बसली होती. आयुष्यात इतकं चांगलं त्यानं काही काढलं नव्हतं.

फ्रेमवाल्यानं खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि कानात म्हणाला, "पूस."

"अरे, पण..."

"पुढच्या गुरुवारी पुतण्या येतोय. पूस म्हणतो ना."

गणिताच्या बाईंनी रबर पुढे केला. हुबेहूबनं एकदा डोळे भरून चित्राकडे बघितलं, ओठ चावला, आणि भुवईपासून सुरुवात केली. चौथऱ्यावरून मालकीणबाई बघत होत्या. काय चाललंय असं त्यांनी विचारलं नाही. उलट मान जरा दुसरीकडे वळवली, म्हणजे उरलंसुरलं साम्यही जाईल.

पुतण्या ठरल्याप्रमाणे आला. कागदासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एकदा काकूकडे, एकदा कागदाकडे पाहिलं.

"लोक तुम्हाला हुबेहूब म्हणतात ना? समोर बसवून एक म्हातारी काढता येईना? ही आहे तरी कोण?"

सगळी खोली आपापल्या कागदात डोकं घालून बसली होती.

"मनातून काढलीय," हुबेहूब म्हणाला.