जनकाबाईंची कवळी

सकाळी कवळी घालायला जनकाबाईंनी स्टीलची डबी उघडली, तर आत मिरचीचा ठेचा. शेजारचा फारुख रोज पहाटेच्या पॅसेंजरने बऱ्हाणपूरच्या बाजारात जायचा आणि त्या न चुकता त्याला भाकरीसोबत ठेचा द्यायच्या. डब्या एकसारख्या असल्यावर आज ना उद्या घोटाळा होणारच होता. तो नेमका त्यांच्या मुलाचं, संघर्षचं घर पाहायला मुलीकडचे येणार त्याच दिवशी झाला.

तेवढ्यात फोन वाजला. "चाची, भाकर काढली, डबी खोलली, तं दात हासून राह्यले माह्याकडं!"

जनकाबाईंच्या तोंडातून नुसती हवा निघाली. त्यांचे यजमान जानराव, त्यांनी फोन ओढून घेतला. "फारुख, परतीच्या गाडीत कोणाजवळ तरी दे बाप्पा! पाहुणे येऊन राह्यले."

ही पॅसेंजर दोन राज्यांनी मिळून सुरू केलेली. गाडीत एक मदतनीस मध्य प्रदेशाचा, एक महाराष्ट्राचा. इथे सख्खे भाऊ बांधावरून भांडतात आणि दोन सरकारं एक गाडी वेळेवर चालवतात, याचं मलकापुरात सगळ्यांना कौतुक होतं. नव्हतं ते फक्त मुलीच्या वडिलांना. माणिकराव बऱ्हाणपूरहून भाड्याची जीप करून आले.

"अर्पिताची तिथं बँकेत नोकरी हाय," बसल्या बसल्या ते म्हणाले. "लग्नानंतर जाणं-येणं कसं करीन ते? दोन सरकारांची गाडी म्हंजे दोन घरचा पाहुणा उपाशी. पोरीची नोकरी सुटणार असंन तं आपलं जमत नाही."

संघर्षचा चेहरा उतरला. अर्पिता त्याला मनापासून आवडली होती. जनकाबाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण त्या तोंडाला पदर लावून मान हलवत राहिल्या.

माणिकरावांच्या पत्नी गीताबाई हरखल्या. "किती शांत हायेत हो संघर्षची आई! आम्ही तं भलतंच ऐकलं होतं."

जनकाबाईंना कोणी शांत म्हटलेलं जानरावांनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते हळूच संघर्षच्या कानाशी लागले. "आज गाडी लेट झाली तं बरं होईन बे."

पण ती गाडी कशाची लेट होते! चहाच्या कपबशा उचलायच्या आत दारात दोन गणवेश उभे राहिले.

"अम्माजी की अमानत है," एक म्हणाला. "हाथ में ही देनी थी."

"मी म्हटलं, आता माह्या राज्यात आलो, मी देतो," दुसरा म्हणाला. "हा आयकतच नाही. मंग दोघंही आलो."

जनकाबाई डबी घेऊन आत गेल्या. जानरावांनी डोळे मिटले. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात रिकामी डबी होती, पदर खाली आला होता आणि आवाज स्टेशनापर्यंत जात होता.

"माणिकराव! सकाळी माहे दात बऱ्हाणपुराले गेले, आता वापस माह्या तोंडात हायेत. दोन सरकारांनी म्हातारीचे दात सांभाळून आणले, तं तुमची पोरगी नाही आणणार काय?"

माणिकरावांनी डबीकडे पाहिलं, दोन्ही गणवेशांकडे पाहिलं आणि ते बायकोकडे वळले.

"जीपवाल्याले जाऊ दे वो. आपण गाडीनंच जाऊ."