चौदा घंट्यांची फाईल

दस्तगीरच्या मनगटावर घड्याळ होतं, पण कॉम्प्युटरची फाईल उघडायला किती वेळ लागला हे तो त्यात बघायचा नाही. समोरच्याला फाईल उघडायला सांगायचा, स्वतः डोळे मिटायचा आणि तोंडानं टेलिफोन वाजवायचा. "ट्रिंग ट्रिंग... ट्रिंग ट्रिंग..." प्रत्येक घंटीला एक बोट दुमडायचा. साठी उलटलेला, खिशाला टेस्टर लावलेला माणूस भर ऑफिसात असा ट्रिंग ट्रिंग करत उभा राहिलेला बघून नवीन गिऱ्हाईक दारातच थबकायचं.

फाईल उघडली की हा डोळे उघडायचा. "पाच घंट्या. ताप हाय अंगात."

तीन घंट्यांच्या आत उघडली तर फाईल निरोगी. पाच म्हणजे ताप. सातच्या वर गेली तर चपला बाहेर काढून कामाला लागायचा. चपला काढल्याशिवाय त्यानं कधी वायरीला हात लावला नाही.

तो जन्मभर टेलिफोन खात्यात लाईनमन होता. निम्मी नोकरी गगनबावड्याच्या रस्त्यावर गेली. पावसात खांब पडायचे, तारा तुटायच्या, आणि हा पायथ्याच्या कळे गावापासून तार बघत बघत चालत वर घाटमाथ्यापर्यंत जायचा. घराघरातले फोन बंद झाले, लोक मोबाईल घेऊन फिरायला लागले, तेव्हा यानं कॉम्प्युटरच्या वायरी जोडायचं काम शिकून घेतलं. शिकला म्हणजे वायर नवी, रीत जुनीच. कुठलाही बिघाड असो, आधी वायरीवर हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा. टेबलाखालनं, कपाटामागनं, रांगत.

"माणूस खोटं बोलतंय, मशीनबी खोटं बोलतंय. वायर बोलत न्हाय," असं म्हणायचा.

आमचं ऑफिस उद्यमनगरात. माझे मालक लाकडाचे साचे करायचे. साच्याचा ठसा वाळूत उठवायचा आणि त्यात लोखंड ओतायचं, असा तो धंदा. मालक गेले. आमचा मुलगा विलास आता साच्याची चित्रं कॉम्प्युटरवर काढतो. केबिनमध्ये एक थोरला कॉम्प्युटर आहे, सगळी चित्रं त्याच्या पोटात. बाहेरच्या टेबलांवरचे कॉम्प्युटर वायरीतून तिथली चित्रं ओढून घेतात. मधे भिंतीवर दिव्यांची एक पेटी, सगळ्या वायरी तिच्यात येऊन मिळतात. एवढं मला दस्तगीरनं समजावलं म्हणून कळतं. मी चौथी शिकलेली बाई. सकाळी शटर उघडायचं, देवाला आणि मशीनना फूल वाहायचं, चहा करायचा आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून कोण कधी आलं ते बघायचं, एवढं माझं काम. शटरची किल्ली माझ्या कमरेला असते. ती असते म्हणून मी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

दस्तगीरनं आमच्या वायरींना चिठ्ठ्या लावल्या होत्या. दुसरे लोक आकडे घालतात. यानं गावं घातली. रुपालीच्या टेबलाची वायर 'कळे', तिच्या शेजारची 'साळवण', पुढची 'आसळज'. केबिनमधली 'गगनबावडा'.

"केबिनला गगनबावडा का हो काका?" रुपालीनं विचारलं.

"तिथं बारा म्हयने गडगडत असतंय," हा विलासच्या केबिनकडं बघत म्हणाला. रुपाली तोंडाला ओढणी लावून हसली. मीही हसले. विलासचा आवाज तसाच आहे, बापावर गेलाय.

चहा बशीत ओतून, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा प्यायचा. मी एकदा म्हटलं, "दस्तगीर, जरा हळू पी की. पंप बसवल्यागत आवाज येतोय."

"आवाज आल्याबिगार चहा पोचला का न्हाय कळत न्हाय, आक्का."

चहा पिताना त्याचं एक ठरलेलं बोलणं असायचं. "घंटीवरनं घर वळखतो मी. तिसऱ्या घंटीला फोन उचलला तर घर सुखी हाय. सातव्याला उचलला तर आत भांडान चाललंय. त्याच्या म्होरं गेली तर कुलूप."

"आणि पहिल्याला उचलला तर?"

"त्यो माणूस फोनच्या उशाला बसून ऱ्हायलेला असतोय. त्याला दुसरं काय काम नसतंय."

त्याच्या स्वतःच्या घरी अजून तारेचा फोन होता. बायको वारलेली, मुलगी हुबळीला दिलेली, ती मोबाईलवर बोलायची. मग हा फोन कशाला, असं मी विचारलं. "लाईनमनच्या घरात लाईन न्हाय म्हंजे काय आक्का! लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणत नव्हते. लोकांना तो नंबरही माहीत नव्हता. त्यानं मला मात्र एका चिठ्ठीवर लिहून दिला होता, तो मी देवाच्या फोटोमागं खोचून ठेवला होता.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला मला एक वर्ष लागलं.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा असते. मालकांच्या वेळी करवती, रंधे मांडायचो. आता कॉम्प्युटर. विलासला ते आवडत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कॉम्प्युटरवर जरा हळद सांडली, तर सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, परत जर मशीनवर हळदकुंकू टाकलंस तर किल्ली काढून घेईन. घरात बस मग." मला तो बोल लागला. मी कॉम्प्युटरना नुसती झेंडूची माळ घालायची असं ठरवलं. पण भिंतीवरच्या दिव्यांच्या पेटीला तर कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही. सगळ्यांना जोडणारी ती, म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेसारखी. तिला मी गेल्या वर्षी चांगलं मूठ भरून हळदकुंकू वाहिलं. तिची भोकं वर तोंड करून होती, हे मला कुठं माहीत!

दसऱ्यानंतर फाईली हळू उघडायला लागल्या. बंद पडल्या नाहीत, हीच तर पंचाईत. दस्तगीर म्हणायचाच, "बंद पडलेलं लगीच सापडतंय. हळू झालेलं घाम काढतंय." रुपाली फाईलीवर बोट दाबून उठायची, पाणी पिऊन यायची, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. "ते चक्र बघून बघून मला गरगरायला लागलंय, काका."

दस्तगीरनं डोळे मिटले. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, परत पहिल्या हातावर आला. चौदा घंट्या! तो डोळे उघडून स्वतःच दचकला.

पहिल्या दिवशी तो सगळ्या वायरी चालला. एकीलाही उंदीर लागलेला नव्हता. मग थोरल्या कॉम्प्युटरसमोर बसून तीच फाईल तिथंच उघडली. दोन घंट्या. "म्हंजे पोटात दुखत न्हाय, गळ्यात दुखतंय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी गगनबावड्याची अख्खी वायर नवी घातली. परत चौदा. त्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी विलासकडं पंपाचं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. चित्र उघडेना. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू दे, दुसरीकडं बघतो," आणि उठलं. विलास बाहेर येऊन गरजला, "दस्तगीरभाई, तीन दिवस झाले! जमतंय का सांगा, न्हायतर दुसरा माणूस बघतो."

दस्तगीरनं चपला बाहेर काढल्या. भिंतीवरची पेटी उतरवली, खिडकीत उजेडाला नेली आणि तिच्या भोकात वाकून बघितलं. खिशातनं जुना दात घासायचा ब्रश काढला. हळूहळू झाडलं. फुंकर मारली. मी दाराजवळ खुर्चीत होते. तो मागं वळला तेव्हा त्याच्या बोटांची टोकं पिवळी आणि लाल झालेली मला दिसली. मी बघितलेलं त्यानं बघितलं.

त्यानं हात मागं नेला आणि पॅंटला पुसला.

पेटी परत बसवून त्यानं रुपालीला फाईल उघडायला सांगितली. "ट्रिंग ट्रिंग... ट्रिंग ट्रिंग... ट्रिंग..." अडीच घंट्या.

"काय होतं?" विलासनं विचारलं.

"माझीच चूक हाय, सायेब," दस्तगीर म्हणाला. "वायरीच्या टोकात आठ बारक्या तारा असत्यात. मी टोक नीट दाबलं नव्हतं. निम्म्या तारा टेकत नव्हत्या. आठ जणांचा मांडव चौघांनी उचलला तर उचलतोय, पर दारात न्यायला सांज व्हती. तसं झालं."

"आणि हे कळायला तीन दिवस?"

"म्हातारा झालो, सायेब."

"टेलिफोनचा जमाना गेला, भाई," विलास म्हणाला. "या महिन्याचं बघा. पुढच्या महिन्यापासून कंपनीची माणसं येतील."

ज्या माणसानं चाळीस वर्षांत एक टोक ढिलं सोडलं नव्हतं, तो खाली मान घालून उभा होता. आणि ज्या बाईनं जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नाही ती खुर्चीत बसून किल्ली चाचपत होती. मी एक शब्द बोलले नाही. रात्री बोलू, उद्या बोलू, त्याचा महिना संपायच्या आत बोलू, असं करत महिना संपला.

शेवटच्या दिवशी दस्तगीर एक जुनी पेटी घेऊन आला. चालू पेटी त्यानं भिंतीवरनं काढून कपाटात बसवली आणि कपाटाला कडी घातली. भिंतीवर ही जुनी लावली. तिला एक वायर, वायरीला चिठ्ठी, आणि पुढं एक हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"आक्का, ह्यो थोरला," तो मला म्हणाला. "बाकीच्यांस्नी हात लावायचा न्हाय. ह्याची पूजा केली की समद्यांची झाली. हळदकुंकू, नारळाचं पाणी, काय वाहायचं ते ह्याला वाहा."

"तुझा चहा?" एवढंच मी म्हटलं.

"आज नको." चपला घालून गेला.

वर्षभर मी दर शुक्रवारी थोरल्याला हळदकुंकू वाहिलं. फाईली छान उघडत होत्या, कंपनीचा माणूस आलाच तर कपाटातली पेटी बघून जायचा. माझ्या मनात यायचं, बघा, पूजेनं काही बिघडत नाही. त्या दिवशी त्याच्या बोटाला लागलेलं कुंकू असेल दुसरीकडचंच. माणूस स्वतःला किती फसवतो हे मला या वयात कळलं.

यंदाच्या खंडेनवमीनंतर कंपनीची दोन माणसं सगळं नवं बसवायला आली. त्यातल्या एकानं भिंतीवरची पेटी उतरवली, हलवली, आणि हसायला लागला. "आजी, ही तर मेलेली पेटी आहे. आत काहीच नाही." त्यानं झाकण काढून दाखवलं. आत गणपतीच्या आराशीतला एक हिरवा दिवा, विजेला जोडलेला. नेटवर्कची म्हणून लावलेली वायर भिंतीत वीतभर जाऊन संपलेली. तिच्यावर दस्तगीरच्या वाकड्या अक्षरातली चिठ्ठी होती. कळे नाही, साळवण नाही. 'आक्का'.

मी ती पेटी त्याच्या हातातनं घेतली आणि केबिनमध्ये गेले. विलासला सगळं सांगितलं. मूठभर हळदकुंकू, पिवळी बोटं, सगळं. किल्ली कमरेची काढून त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं किल्ली माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "वर्षापूर्वी बोलली असतीस तर, आई." त्याचा आवाज पहिल्यांदाच गगनबावड्यासारखा नव्हता. गरजला असता तर बरं वाटलं असतं. पण आता कंपनीशी करार झाला होता, आणि दस्तगीरनं काम सोडून दिलं होतं. आमच्याकडनं गेल्यावर त्यानं दुसरं काम धरलंच नाही, असं रुपालीनं कुठूनतरी ऐकलं होतं.

मी फोटोमागची चिठ्ठी काढली आणि रुपालीला नंबर लावायला सांगितला. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. तो तिसऱ्या घंटीला उचलेल, तोपर्यंत जुळेल, असा हिशेब होता.

पहिली घंटी पुरी झाली नाही.

"हॅलो, दस्तगीर बोलतोय. कुठली लाईन बंद हाय?"

"मी आक्का."

"फाईली हळू झाल्या काय?"

"न्हाय. झटक्यात उघडतायत."

"मग?"

"ती पेटी उघडली त्यांनी."

"व्हय?" त्यानं विचारलं, "दिवा चालू हाय का अजून?"

"विजेला लावला की लागतोय. विलासला सगळं सांगितलं मी, दस्तगीर."

"कशाला सांगितलंसा आक्का!" त्याचा आवाज एकदम चढला. "किल्ली काढून घेतली न्हवं त्यानं?"

म्हणजे किल्लीचंही त्याला माहीत होतं. हळद सांडल्यावर विलास मला बोलला तेव्हा हा कुठल्यातरी टेबलाखाली वायर चालत असणार. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडंच आहे. चुकलं माझं, असंही म्हटलं. ते शब्द मला नीट म्हणता येत नाहीत, सवय नाही. शेवटी म्हटलं, "शुक्रवारी चहाला ये."

"काम काय हाय?"

"काम काही नाही. चहा."

"लाईन चांगली असताना लाईनमननं जायाचं नसतंय आक्का," तो म्हणाला. "खराब झाली तर सांगा. लगीच येतो."

तो आला नाही. येणारही नाही, मी ओळखते त्याला. आणि मुद्दाम काही बिघडवून ठेवावं असं मनात येतं, पण एकदा बिघडवलं तेवढं पुरे झालं.

पेटी मी परत भिंतीवर लावून घेतली आहे. शुक्रवारी तिची पूजा झाली की बशीत चहा ओतते आणि त्याला फोन लावते. लाईन कशी आहे ते विचारते, तो मला फाईली कशा आहेत ते विचारतो. दर वेळी मी घंट्या मोजायला बोटं तयार ठेवते. अजून एकही बोट दुमडलेलं नाही.