आत काय आहे

“वहिनी सामानात गेल्या ते एका अर्थी बरंच झालं मर्दा, फिरायला आपण सुटसुटीत,” असं धैर्यशील जिन्यात दबक्या आवाजात म्हणाला, तेव्हा शर्वरीची सामान म्हणून नोंद होऊन वीस मिनिटं झाली होती.

ती आतल्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होती. रणजित यावर काय म्हणतो ते ऐकायला तिनं हात थांबवला. रणजित म्हणाला, “हळू बोल, ऐकेल ती.” शर्वरीनं उरलेली घडी पुरी केली.

नदीकाठच्या त्या परक्या शहरात नियम साधा होता. बाहेरून आलेल्या माणसानं घराबाहेर दिवसाला निदान चाळीस शब्द बोलायचे. भाषा कुठलीही चाले. ट्रामच्या थांब्यांवर, मंडईत, पुलांवर राखाडी कोट घातलेले मोजणीदार उभे असत आणि हातातल्या यंत्रावर शब्द मोजत. मान हलवणं आणि ‘हं’ म्हणणं धरत नसत. लागोपाठ तीन दिवस चाळिसाच्या आत राहणाऱ्याची नोंद चौथ्या दिवशी माणसांच्या वहीतून सामानाच्या वहीत जाई. यात कुणी अपमान मानत नसे. शहर जुनं होतं, जागा कमी होती, आणि कशाला खुर्ची द्यायची नि कशाला फळी, हे पालिकेला ठरवावंच लागे.

रणजितच्या वडिलांची शिरोलीला फौंड्री होती. “एकदा इथं बसलास की हलायला मिळायचं नाही, वर्षभर काय ते जग बघून घ्या दोघं,” असं सांगून त्यांनी लग्नानंतर दोन महिन्यांत नव्या जोडप्याला रवाना केलं होतं. या शहरात त्यांचा सहावा आठवडा चालू होता. पहिले पाच आठवडे शर्वरी मंडईत भाज्यांची नावं विचारी, ट्रामचा रस्ता विचारी, आणि तिचे पंचावन्न-साठ शब्द आरामात होत. मग दहा दिवसांसाठी धैर्यशील आला. तो रणजितचा शाळेपासूनचा मित्र. येताना चार किलो चिवडा आणि कोल्हापूरच्या सगळ्या बातम्या घेऊन आला. दुकानात तोच बोले, रस्ता तोच विचारी, हॉटेलात तिघांचं तोच सांगे. “वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेताय, मी आहे की,” म्हणे. शर्वरी ‘हं’ म्हणे. एकोणीस, बारा, सात, असे तिचे आकडे उतरत गेले.

पालिकेचा माणूस सकाळी घरी आला तो अदबीनं वागला. सामानाशी बोलायची रीत नसल्यामुळं त्यानं रणजितला विचारलं, “कुणाच्या नावावर घालू?”

रणजितनं सही केली. शर्वरीच्या मनगटाला पिवळी चिठ्ठी सुतळीनं बांधण्यात आली. गाठ घट्ट नव्हती, हे तिनं पाहून ठेवलं.

“अगं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे,” रणजित तिला म्हणाला. “सोमवारी आपली गाडी आहेच. पुढच्या गावात हे असलं काही नाही.”

शर्वरी ‘हं’ म्हणाली.

ट्राममध्ये ती बॅगांच्या कठड्याशी उभी राहिली. तिथून बाहेरचं चांगलं दिसत होतं. त्या दिवशी त्यांना मिठाचं संग्रहालय बघायचं होतं. ते बघायची इच्छा मूळची शर्वरीची, पण ती तिनं कुणाला सांगितलेली नव्हती. दारावर पाटी होती, आत सामान नेण्यास मनाई आहे.

“मग वहिनींना इथं ठेवूया,” धैर्यशील दाराशेजारच्या सामानघरात डोकावत म्हणाला. “चांगली व्यवस्था दिसतेय, हीटर पण आहे.”

सामानघरात एकच कारकून होते, म्हातारे आणि काटेकोर. त्यांनी सावकाश, स्वच्छ इंग्रजीत रणजितला विचारलं, “नाजूक?”

रणजितनं धैर्यशीलकडं बघितलं. “नाही हो, साधारण,” तो म्हणाला.

कारकुनांनी तसं लिहिलं आणि शर्वरीला हीटरच्या बाजूची, खालून दुसरी फळी दिली. शेजारी एक छत्र्यांचा गठ्ठा आणि एक निवृत्त शिक्षक होते. शिक्षकांना त्यांची बायको दर गुरुवारी ठेवून जाई. त्यांची काही तक्रार दिसत नव्हती. दुपारी कारकुनांनी आपला पाव मोडला आणि एक तुकडा काही न बोलता शर्वरीच्या फळीवर ठेवला. मग वहीत ‘फळीची देखभाल’ असं लिहिलं.

समोरच्या भिंतीवर नियम लावलेले होते. वाचायला वेळ भरपूर होता. पाच वाजेपर्यंत ओळख पटवून न नेलेलं सामान नदीपलीकडच्या गोदामात जाई आणि गोदाम वर्षातून एकदा, हिवाळा संपल्यावर उघडे. हा नियम शर्वरीनं दोनदा वाचला. हिवाळा अजून सुरू व्हायचा होता.

पावणेपाचला दोघं हसत आले. धैर्यशीलनं खारट झालेली बोटं पँटला पुसली. बाहेर मालवाहू गाडी येऊन उभी राहिली होती.

“पावती आहे,” रणजित म्हणाला.

“पावती कुणाकडंही असू शकते,” कारकून म्हणाले आणि फॉर्म पुढं ओढला. “रंग?”

“निळा. निळा ड्रेस.”

कारकुनांनी फळीकडं पाहिलं. “हिरवा. निळा काल असेल. वजन?”

“पन्नास… बावन्न?”

“सकाळी सत्तेचाळीस भरलं. चालेल, प्रवासात फरक पडतो. आत काय आहे?”

“म्हणजे?”

“सामानाच्या मालकाला आत काय आहे ते माहीत असतं. आत काय आहे?”

रणजितनं घसा साफ केला. “शांत आहे ती. स्वभावानं.”

“ते बाहेरून दिसतं. मी आतलं विचारतोय.”

“कैरीचं लोणचं आवडतं तिला.”

“आत कैरीचं लोणचं आहे?”

“आत्ता नसेल,” रणजित प्रामाणिकपणे म्हणाला.

“घरगुती लिहा की साहेब,” धैर्यशील मध्ये पडला. “सगळे असंच लिहीत असतील. किरकोळ, घरगुती.”

“तुम्ही मालक आहात?”

“मी मित्र आहे.”

“मग गप्प बसा.” कारकुनांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजायला सहा मिनिटं कमी होती. गाडीवाल्यानं दोरी घेऊन दारात डोकावून पाहिलं.

“हे बघा,” रणजित टेबलावर वाकला. “चार महिने झालेत आमच्या लग्नाला. ती सांगत नाही काही. मी विचारलं तर ‘हं’ म्हणते. मी तरी काय लिहू?”

“तू विचारलंस कधी?” धैर्यशीलनं सहज विचारलं.

रणजित पावतीची घडी घालू लागला. फळीवर बसून शर्वरी ते पाहत होती. विचारलं नव्हतं, हे खरं होतं. सांगितलं नव्हतं, हेही खरं होतं.

“एक उत्तर चुकलं, एक चालवून घेतलं, तिसरं कोरं,” कारकून म्हणाले. “तुम्हाला देता येणार नाही. नियम असा आहे, की आत काय आहे ते ज्याला माहीत असेल, त्यानंच लिहून सही करायची आणि सामान न्यायचं. असं इथं कुणी आहे?”

शर्वरी फळीवरून उतरली. शेजारच्या शिक्षकांनी तिला वाट दिली. ती टेबलापाशी गेली, कारकुनांच्या हातातलं पेन तिनं घेतलं आणि फॉर्म आपल्याकडं वळवला. कारकुनांनी नियमांच्या तक्त्याकडं एकदा पाहिलं, तिथं मनाई आढळली नाही, आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची सरकवली. ‘आत काय आहे’ या रकान्याला दोन बोटं जागा होती. तिनं ती जागा बोटं ठेवून मोजली. मग मान वर करून दोघांकडं पाहिलं.

“अहो, तुम्ही त्या गाडीवाल्याला परत पाठवा,” शर्वरी म्हणाली. “हे सामान माझं आहे. आणि भावजी, तुम्ही कारकुनांकडून चार-पाच पुरवण्या मागून घ्या. आत काय आहे ते एवढ्यात मावायचं नाही.”